लंडनचं नॉटिंग हिल कार्निव्हल नक्की कुणी सुरू केलं?

विश्रामबागकर:
मंडळी, बहीण लंडनला असते, ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघं जाणारोय, ती म्हणते तेव्हाच नॉटिंग हिलचं कार्निव्हल असतं, बघूनच जा. म्हणून जरा वाचायला घेतलं तर एकीकडं १९५९, दुसरीकडं १९६६, सुरू करणाऱ्या बायका पण दोन वेगळ्या. आणि वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादचं मूळ कार्निव्हल तर फेब्रुवारी-मार्चात असतं ना, मग हे ऑगस्टात कसं काय? कुणाला माहीत असेल तर सांगा की.

कृष्णाकाठ:
सालं दोन्ही बरोबर, वाद आहे तो मान कुणाला द्यायचा याचा. १९४८ नंतर वेस्ट इंडिजची माणसं कामधंद्याला इंग्लंडात यायला लागली, त्यातली बरीच नॉटिंग हिलला, तेव्हा तो भाग गरिबांचा, पडक्या घरांचा. १९५८ ला गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी तिथं हल्ले केले, दंगल कित्येक दिवस चालली. क्लॉडिया जोन्स म्हणून त्रिनिदादची बाई होती, कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनं तुरुंगात टाकून मग देशाबाहेर काढलेली, ती लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' हा पेपर चालवायची. तिनं ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये कार्निव्हल भरवलं, थंडी कडाक्याची म्हणून हॉलच्या आत. स्टीलबँड (तेलाच्या बॅरलांच्या वाद्यांचा ताफा), नाच, कार्निव्हल क्वीन, बीबीसीनं टीव्हीवर पण दाखवलं. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर कार्यक्रमाची पुस्तिका विकून आलेल्या पैशातला काही भाग दंगलीत सापडलेल्या पोरांचे दंड भरायला ठेवलेला, काळ्या पण आणि गोऱ्या पण, तसं पुस्तिकेत छापलेलंच होतं. १९६४ ला ती वारली.

कराडची_पोरगी:
पण रस्त्यावर आणलं ते तिथल्या समाजसेविका रोन लॅझलेटनंच हो, ते विसरू नका. १९६६ ला तिनं गल्लीतल्या सगळ्या जातीधर्माच्या पोरांसाठी जत्रा काढली, रसेल हेंडरसनचा स्टीलबँड बोलावला, आणि ते गळ्यात पॅन अडकवून वाजवत चालायलाच लागले. लोक घरातनं बाहेर येऊन मागनं निघाले, झाली मिरवणूक. पॅन म्हंजे तेलाचं बॅरल, त्याचं बूड ठोकून ठोकून खोलगट करतात, मग त्यावर एकेक सूर हातोडीनं बसवतात, टोकाला रबर लावलेल्या काड्यांनी वाजवायचं. त्रिनिदादचं कार्निव्हल ख्रिश्चन उपासाच्या आधी असतं म्हणून फेब्रुवारी-मार्च, पण लंडनात त्या थंडीत पिसं लावून उघड्यानं कोण नाचणार वो? म्हणून पुढं ते ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीला आलं.

तासगावचा_बाळू:
सगळं खरं, पण आता तिथं पण नुसत्या भिंतीएवढ्या स्पीकरच्या थप्प्या. आपल्या विसर्जनागतच.

कृष्णाकाठ:
बाळूशेठ, ते स्पीकर नंतर घुसलेले न्हाईत वो. १९७३ ला लेस्ली पामर आयोजक म्हणून आला, त्यानं मुद्दाम साउंड सिस्टिम आणल्या, कारण तिथं जन्मलेली जमैकन पोरं रेगे हे जमैकाचं संगीत ऐकायची, त्यांना स्टीलबँडात गोडी नव्हती. त्यानंतरच गर्दी लाखात गेली. १९७६ ला मात्र पोलीस हजारोंनी उतरवले आणि शेवटी पोरं-पोलीस जुंपलीच, बंदी घाला म्हणून ओरड झाली, पण कार्निव्हल टिकलं.

कडेगावकर:
जरा विषयाबाहेर जातोय. त्रिनिदादमध्ये कार्निव्हलशिवाय मोहरम पण असतो, होजे म्हणतात. १८४५ पासून भारतातनं उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांनी नेलेला. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात अजून ताबूत निघतात, पुढं ताशे. १८८४ ला इंग्रजांनी मिरवणूक शहरात यायला मनाई केली, सान फर्नांडोला लोक तरी निघाले तर गोळीबार केला, माणसं मेली. आमच्या कडेगावात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघत वाढलेल्या माणसाला हे वाचून कसंतरीच होतं.

विश्रामबागकर:
होजेवर वेगळा धागा काढाच राव. बाकी, बायकोला गर्दी सोसत नाही, कुठल्या दिवशी जावं?

कराडची_पोरगी:
रविवारी, तो पोराबाळांचा दिवस असतो. सोमवारी तुफान गर्दी. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन त्या दोन दिवसांत बंद असतं, अलीकडं उतरून चालत जा. दुकानदार काचांवर प्लायवूड ठोकून बसतात, ते बघून घाबरू नका, दरवर्षीचंच आहे.