राजकीय मत मांडल्यास नोकरी जाऊ शकते का? (ऑस्ट्रेलिया)

प्रश्न: मी सिडनीत एका खासगी संस्थेत नोकरी करतो. वैयक्तिक खात्यावरही ‘वादग्रस्त’ विषयांवर लिहिणे टाळावे, असे आमच्या नव्या समाजमाध्यम धोरणात म्हटले आहे. पत्रकार लतूफ यांना राजकीय मतामुळे कामावरून काढल्याच्या खटल्यातील निकालानंतर हे टिकेल का?

प्रतिसाद १: त्या खटल्यातील तपशील महत्त्वाचा आहे. पत्रकार अँटोनेट लतूफ यांना डिसेंबर २०२३ मध्ये एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवर पाच दिवसांसाठी नेमले होते. गाझाविषयीची ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेची पोस्ट त्यांनी समाजमाध्यमावर शेअर केल्यावर, तीनच दिवस काम झालेले असताना, त्यांना थांबवण्यात आले. जून २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने, काढण्याच्या कारणांत त्यांचे राजकीय मतही होते असे ठरवून, ७०,००० डॉलरची भरपाई दिली आणि सप्टेंबरमध्ये एबीसीला १,५०,००० डॉलरचा दंड वेगळा ठोठावला. त्यांना लिहू नये असा स्पष्ट आदेश नव्हता, केवळ सल्ला होता, हेही न्यायालयाने नोंदवले. आपले धोरण ‘टाळावे’ म्हणते की ‘मनाई आहे’ म्हणते, हे म्हणूनच नीट वाचावे.

प्रतिसाद २: इतके निर्धास्त राहू नका. निनावी ट्विटमधून स्वतःच्याच सरकारी विभागावर टीका करणाऱ्या सरकारी कर्मचारी बॅनर्जी यांची बडतर्फी २०१९ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, वैध ठरवली होती. अर्थात, तो सरकारी सेवेच्या आचारसंहितेचा प्रश्न होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कामावरून काढले तर दाद मागण्याची मुदत किती असते?

प्रतिसाद १: बडतर्फी लागू झाल्यापासून २१ दिवसांत फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे कामगारविषयक वाद हाताळणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, अर्ज करावा लागतो.