हॉटेलात टेबल बुक करताना इंग्रजीत नेमकं काय म्हणता? (अनुभव धागा)

कोल्हापुरात एक फोन पुरतो: "दादा, आठला सहाजण येतोय, फॅमिली सेक्शनला बघा." पण कंपनीत परदेशी पाहुणे आले किंवा पोरांकडे परदेशी गेलो की तेच वाक्य घशात अडकतं. तुम्ही काय बोलता ते लिहा. व्याकरण नको.

गोकुळ शिरगाव, फाउंड्री
"आय'ड लाइक टू बुक अ टेबल फॉर सिक्स, टुमॉरो अ‍ॅट एट." विषय संपला. लाइन खरखरत असेल तर सहाजण आठला की आठजण सहाला, असा घोळ होतो. म्हणून मी 'सिक्स पीपल' म्हणतो. ब्रिटिश पाहुणा 'हाफ एट' म्हणाला तर साडेआठ समजा. जर्मन माणसाला मात्र त्यात साडेसात ऐकू येतात, कारण त्यांच्या भाषेत 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात. दोघं एकाच टेबलावर यायचे असतील तर सरळ 'एट थर्टी' म्हणायचं बघा.

ताराबाई पार्क, सध्या लेकाकडे न्यू जर्सीत
इथं 'मेक अ रिझर्व्हेशन' जास्त ऐकू येतं. दारात विचारतात, "हाउ मेनी इन युअर पार्टी?" वाढदिवस कुणाचाच नसतो, सोबत किती माणसं ते सांगायचं. 'प्युअर व्हेज' इथं चालत नाही. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी अंडं येऊ शकतं. मी "नो मीट, नो फिश, नो एग्ज" असं फोडून सांगते आणि सूप चिकनच्या पाण्यात केलंय का, तेही विचारते. सून हसते. हसू दे.

उद्यमनगर
"आय वॉन्ट टेबल" म्हणतो, टेबल मिळतं. कशाला डोक्याला ताप?

शाहूपुरी, हॉटेल रिसेप्शन
उद्यमनगरवाले भाऊ, रिकामं असेल तर मिळणारच की! शनिवारी रात्री फुल असतं, तेव्हा "डू यू हॅव एनीथिंग अ लिटल लेटर?" विचारणाऱ्यासाठी आम्हीही वही पुन्हा चाळतो. नाव 'अंडर द नेम ऑफ पाटील' एवढंच सांगू नका. कोल्हापूर आहे हे, पहिलं नावही द्या. उशीर होत असेल तर "वी आर रनिंग लेट, कुड यू होल्ड द टेबल?" आणि वेळ अलीकडे घ्यायची तर 'प्रीपोन' आम्हाला कळतं, लंडनमधल्या माणसाला बहुधा नाही. तिथं "कॅन वी कम अ‍ॅन अवर अर्लियर?" म्हणा.

उद्यमनगर
बरं. पण तुमच्याकडं फोन केला तर मराठीतच बोलणार.