मदत हवी आहे: गोल्फ स्पर्धा भरवायचीय, अनुभव टेनिस बॉल क्रिकेटचा

मंडळी,

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सांभाळतो. आमच्या पेठेतल्या टेनिस बॉल स्पर्धा बारा वर्षं भरवतोय. मंडप, फक्की, माईक, पावसानं लांबलेली फायनल मोटारसायकलींच्या हेडलाइटमध्ये उरकणं, सगळं येतं. त्याच भरवशावर आमचे शेठ म्हणाले, "तूच कर."

तर काय, गोल्फ. पुण्यात एका क्लबचं मैदान दिवसभरासाठी घेऊन. जमलेला पैसा विणकरांच्या मुलांच्या वसतिगृहाला. गिऱ्हाइकं आणि शेठचे कॉलेजमधले मित्र धरून 88 जण येतायत. मी आयुष्यात गोल्फची काठी धरलेली नाही (काठी नाही, क्लब म्हणायचं, एवढं कळलंय).

वेळापत्रक असं केलंय: चौघांची एक तुकडी, अशा 22. सकाळी साडेसहाला पहिली, मग दर दहा मिनिटांनी एकेक. एका तुकडीला पाच तास लागतात म्हणे. म्हणजे शेवटची दहाला निघणार आणि तीनला परतणार, पहिले मात्र साडेअकरालाच मोकळे. साडेतीन तास त्यांना काय गाणी ऐकवू?

दुसरं, निम्म्यांना हँडिकॅपच (कच्च्या-पक्क्या खेळाडूंना बरोबरीत आणायला मिळणारी फटक्यांची सूट) नाही. निकाल कसा लावायचा? तिसरं, होल-इन-वनला (पहिल्याच फटक्यात चेंडू खळग्यात) बक्षीस म्हणून गाडी ठेवायची असं शेठ म्हणतात. खरंच कुणी मारला तर?

तारीख डिसेंबर अखेर. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तेव्हा आमचा एकही माणूस गाव सोडणार नाही.

प्रतिसाद १

शॉटगन स्टार्ट करा. सगळ्या तुकड्या एकाच वेळी वेगवेगळ्या होलवर (मैदानाच्या 18 टप्प्यांवर) उभ्या करायच्या, भोंगा वाजला की सुरू. 18 होलवर 18 तुकड्या, म्हणजे 72 जण. तुमच्या चार उरतात, त्या पार-5 च्या होलवर (पार म्हणजे होल संपवायला ठरलेले फटके) दुसरी तुकडी म्हणून लावा. पार-72 च्या मैदानावर असे होल बहुधा चारच असतात, हिशोब बरोबर बसतो. पार-3 वर दोन तुकड्या अजिबात नको, तिथंच गर्दी तुंबते.

आणि साडेसहा विसरा. डिसेंबर अखेरीला पुण्यात सूर्यच सातच्या पुढं उगवतो. साडेसातला भोंगा, साडेबाराला सगळे एकदम जेवायला. सकाळच्या गाडीनं निघून हे जमणार नाही, आदल्या दिवशीच मुक्कामाला या.

प्रतिसाद २

मालक, हँडिकॅपला डबल पिओरिया वापरा. 18 पैकी 12 होल गुपचूप निवडायचे, त्यांच्या पारची बेरीज 48 यायला हवी. चिठ्ठी पाकिटात बंद, खेळ संपल्यावर फोडायची. खेळाडूचे त्या 12 होलवरचे फटके दीडपट करा, 72 वजा करा, उरेल त्याचे 80 टक्के म्हणजे त्याचा त्या दिवसापुरता हँडिकॅप. 70 फटके झाले तर 105, वजा 72, राहिले 33, हँडिकॅप 26.4. एकूण 104 मारले असतील तर निकालात 77.6. हँडिकॅप असलेल्यांचं बक्षीस वेगळं ठेवा, नाहीतर कुरबुर होते.

नवख्यांना आधीच बजावा: पारच्या दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा आणि पुढं चालायचं. हरवलेला चेंडू शोधायलाही 2019 पासून पाच नाही, तीनच मिनिटं मिळतात. हे माईकवरून सांगितलं नाहीत तर पाचाचे सहा तास होतील.

गाडीचा विमा निघतो. त्यात होलचं किमान अंतर आणि साक्षीदाराची अट असते, तेव्हा त्या होलवर दिवसभर एक माणूस बसवा. तुमचाच, झोप न येणारा.

भेटवस्तू मात्र शोधू नका! गोल्फवाल्यांच्या बॅगेला टॉवेल लटकलेला असतोच. आपला टेरी, 40 बाय 60 सेंटिमीटर, एका टोकाला पितळी आयलेट आणि कडी. रंग गडद घ्या, चिखल आणि गवताचे डाग पांढऱ्यावर जात नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बारा होलची चिठ्ठी शेठच्या हातात देणार नाही, त्यांचे मित्र खेळतायत. टॉवेलचा नमुना आजच मागावर चढवला, गडद निळा. शेठना पांढऱ्यावर सोनेरी नाव हवं होतं. त्यांना चहा सांडलेला एक पांढरा नमुना दाखवला, मग गप्प बसले.

आता एकच राहिलं. 88 जणांचं जेवण सांगितलंय. पण प्रत्येकामागं एक कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) धरला तर आकडा दुप्पट होतो. त्यांचं चहा-नाश्ता, जेवण आपण बघायचं की क्लब बघतो? आमच्याकडं अंपायर आणि स्कोअररला आधी वाढतात, म्हणून विचारतोय.