चिठ्ठी, पण कुठली? सोसायटी ग्रुपवर मतदानाचे शब्द

ए-१०२ (सेक्रेटरी): रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाउसमध्ये मतदार नोंदणी शिबिर. शंका आधीच इथे विचारून घ्या, म्हणजे टेबलापाशी खोळंबा नको.

डी-२०२: एक फॉरवर्ड आलंय. "बीएलओची चिठ्ठी घरी आली नाही तर लोकसभेला मत देता येणार नाही." खरं का हो?

सी-३०१: नाही. पुढे पाठवू नका. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, तो घरी देतो ती मतदार माहिती चिठ्ठी. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता कळावा, एवढ्यासाठीच असते. २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून नुसती ती चालतही नाही. मतदार ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, असे १२ पर्याय आहेत. पण यादीत नाव नसेल तर खिशात कार्ड असूनही उपयोग नाही. मत यादीवर चालतं, कार्डावर नाही.

बी-७०४: काका, मग सात सेकंद दिसते ती चिठ्ठी वेगळी ना?

सी-३०१: अगदी वेगळी. निवडणुकीत चिठ्ठी हा शब्द पाच ठिकाणी येतो आणि निम्मे गोंधळ त्यातूनच होतात. घरी येते ती पहिली. दुसरी केंद्राच्या आत मिळते. पहिला मतदान अधिकारी यादीच्या चिन्हांकित प्रतीत नाव शोधून मोठ्याने वाचतो. उगाच नाही वाचत, शेजारी बसलेल्या उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, १७अ नोंदवहीत सही घेतो आणि एक छोटी चिठ्ठी देतो. ती तिसऱ्याकडे द्यायची. ती घेतल्यावर तो कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबतो, तेव्हाच आतलं यंत्र एका मतापुरतं मोकळं होतं.

डी-२०२: म्हणजे आधीच आत जाऊन बटण दाबलं तर?

सी-३०१: काहीच होत नाही. मग "मशीन बंद आहे" म्हणून आरडाओरडा. बॅलट युनिटवर, म्हणजे उमेदवारांची नावं असलेल्या आतल्या यंत्रावर, हिरवा दिवा दिसला की मगच उमेदवारासमोरचं निळं बटण दाबायचं. शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब बीप येते. एकदा मत नोंदलं की पुढची दहा बटणं दाबली तरी एकच मत.

बी-७०४: आणि ती सात सेकंदवाली?

सी-३०१: ती तिसरी, व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची. काचेआड उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह दिसतं, मग ती कापली जाऊन पेटीत पडते. हातात मिळत नाही, मागूही नका. लोक बटण दाबतात आणि बीपची वाट बघत भलतीकडे बघत राहतात, तोवर चिठ्ठी पडलेली असते. बटण दाबलं की नजर थेट काचेवर.

ए-६०३: दुसरंच नाव दिसलं तर? हे नीट सांगा, यावरच सगळ्यात जास्त व्हिडिओ फिरतात.

सी-३०१: तिथेच थांबायचं आणि मतदान केंद्राध्यक्षांना सांगायचं. ते लेखी घोषणापत्र घेतात आणि त्यांच्या व प्रतिनिधींच्या समोर चाचणी मत टाकायला लावतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. खोटी निघाली तर शिक्षेला पात्र, हे सही घेण्याआधी सांगतात. बाहेर येऊन व्हिडिओ काढलात तर काही सिद्ध करता येत नाही.

डी-२०२: पण त्या चिठ्ठ्या कोणी मोजतं का?

सी-३०१: सगळ्या नाही. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडतीने निवडून मोजतात. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं, म्हणजे ३० केंद्रं. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

चौथी संध्याकाळची. सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्याही रांगेच्या शेपटाकडून. पुढून वाटायला घेतल्या तर तोवर मागे आणखी चार जण येऊन चिकटतात. चिठ्ठी असेल तर रात्री आठ वाजले तरी मत देता येतं.

बी-७०४: आणि पाचवी?

सी-३०१: दोघांना सारखी मतं पडली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी टाकतात. ज्याच्या नावाची निघेल त्याला एक मत जास्त मिळालं असं धरतात. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल फक्त ४८ मतांनी लागला, तेव्हा "माझ्या एकाने काय होतंय" हे इथे नको.

डी-२०२: म्हणजे आमच्या भिशीसारखंच की! 😄

बी-७०४: माझ्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर?

सी-३०१: परत फिरू नकोस. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत माग. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, शिक्का मारायचा आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत ती येत नाही, निवडणूक याचिकेत कोर्टाने मागवली तरच उघडते. आक्षेपित मत याच्या उलट. तिथे मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून म्हणतो, "ही ती व्यक्ती नव्हे." केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात, आक्षेप टिकला नाही तर मत यंत्रावरच. दोन्ही शब्दांची अदलाबदल फार होते.

ए-६०३: आता नमुने, कारण रविवारी चुकणार तेच. पहिल्यांदा नाव नोंदवायचं तर नमुना ६. नाशिकहून, नागपूरहून इथे आलात, जुन्या यादीत नाव आहे, तर नमुना ८. तिथे परत ६ भरू नका, दोन ठिकाणी नाव होतं. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि खोट्या घोषणापत्राला एक वर्षापर्यंत कैद आहे. नाव वगळायला ७. पत्त्यासाठी वीजबिल देणार असाल तर किमान वर्षभराचं. भाडेकरार नोंदणीकृत हवा, नोटरीवाला नको.

बी-७०४: मला १८ पूर्ण व्हायला दोन महिने आहेत ताई.

ए-६०३: तरी फॉर्म दे. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज घेतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला तुझी १८ पूर्ण असतील त्या अर्हता दिनांकाला नाव लागेल. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर मात्र यादी बंद, त्यामुळे निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला बरा.

डी-२०२: आमची आई ८८ वर्षांची आहे. घरून मत?

ए-६०३: ८५ च्या पुढे किंवा ४० टक्के अपंगत्व असेल तर नमुना १२ड, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. एकदा मंजूर झालं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, ते आधी आजींना विचारून घ्या. कित्येकांना शाई लावून घेण्यासाठी केंद्रावरच जायचं असतं.

सी-४०१: मी सध्या दुबईत. मला?

ए-६०३: तिथलं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर नमुना ६अ. यादीत नाव येईल, पण मत द्यायला इथे यावं लागेल आणि ओळखीला मूळ पासपोर्टच दाखवावा लागेल.

डी-२०२: आणि महापालिकेसाठी परत वेगळी नोंदणी?

ए-६०३: नाही. महापालिका, जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोग बघतो, लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग. आयोग दोन, पण पालिकेची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीवरूनच पाडतात.

ए-१०२ (सेक्रेटरी): रविवारी येताना पासपोर्ट साइझ फोटो, आधार आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स. भाडेकरूंनाही कळवा.