शाळेतला मातृदिन, बाबा दिवस, हळदीकुंकू : तुमच्या घरी काय होतं?

मे महिन्यातला दुसरा रविवार आपल्याकडे सुट्टीत जातो, म्हणून पुण्यातल्या काही मराठी शाळा मातृदिन पिठोरी अमावस्येला करतात. शाळा उघडतात न उघडतात तोच, जूनच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास, बाबा दिवस येतो. संक्रांत ते रथसप्तमी या काळात माता-पालकांचं हळदीकुंकू. शिक्षिका यासाठी मनापासून राबतात, हे मी पाहिलंय. पण माझ्या भाच्याचे वडील नाहीत. वर्गात बाबांसाठी भेटकार्ड करायला दिलं, त्याने ते छान रंगवलं आणि कुणालाच दाखवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत दप्तर धुताना बहिणीच्या हाती लागलं. शाळेत कुणाला बोलवायचं हे मुलाला ठरवू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र नको.

धनकवडी, आजी
नातू तान्हा असताना सून गेली, तेव्हापासून तो माझ्याजवळ. पिठोरीला शाळेने आयांना खीर-पुरी घेऊन बोलावलं. मुलांकडे पाठ करून बसायचं, वाण डोक्यावरून मागे धरायचं, "अतीत कोण?" विचारायचं, मुलाने "मी" म्हणून ते घ्यायचं. मीही खीर करून गेले. दारातच एक बाई म्हणाल्या, "आजी, आज फक्त आयांचं आहे हो. आजी-आजोबांचा दिवस वेगळा असतो." मी म्हटलं, "बाई, मी त्याची कोण ते त्यालाच विचारा." मग आत घेतलं, शेवटच्या रांगेत. माझी पाळी आली तेव्हा पोरगं "मी!" असं ओरडलं की अख्खा हॉल वळून बघायला लागला. एवढं ओरडून सांगायची वेळ त्याच्यावर का यावी?

चिंचवड, बाबा
घरात मी आणि लेक, दोघंच. कंपनीत पाळ्या असतात. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'माता पालक', त्यात मला घेत नाहीत. इतर आयांना अवघडल्यासारखं होईल म्हणे. तुमच्या आईचा नंबर द्या म्हणाले. आई गावी असते, तिचा साधा फोन. मातृदिनाचं दुःख मी गिळेन, तो वर्षातून एकदा येतो. पण उद्या गणवेश की रंगीत कपडे, हे मला शेजारच्या काकूंना विचारावं लागतं. वेण्या मी घालतो, डबा मी भरतो, गृहपाठ मी घेतो. मग सूचना मला का नाही?

वारजे, आई
आमच्याकडे आई-बाप दोघं आहेत, तरी आम्ही बाहेरच. मी स्वयंपाकाची कामं करते. मुलाला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून चांगली शाळा मिळाली. आयांचा कार्यक्रम सकाळी अकराला, सगळ्यांनी एकाच रंगाची साडी. त्या वेळी माझी दोन घरं असतात, खाडा झाला की पैसे कापतात. मुलगा म्हणाला, "तू नाही आलीस तरी चालेल गं." ते "चालेल" मला फार लागलं. शनिवारी संध्याकाळी ठेवला असता तर मी पळत गेले असते.

सदाशिव पेठ, आई
हळदीकुंकवाबद्दल लिहितेच. निमंत्रण सगळ्या आयांना होतं म्हणून गेले. कुंकू लावत येणारी बाई माझ्यापाशी थबकली, करंडा शेजारणीकडे नेला आणि मला नुसता तिळगूळ आणि वाणाची वाटी दिली. मुलगी समोरच्या सतरंजीवर बसून बघत होती. घरी येताना विचारते, "आई, तुला का नाही लावलं?" कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. एका गावाला जे सुचलं ते पुण्याच्या शाळेत का सुचू नये? तिळगूळ समारंभ म्हणा, सगळ्यांना बोलवा, प्रश्न मिटला.

विमाननगर, बाबा
माझं मत थोडं वेगळं आहे. बाबा दिवस सरसकट बंद करू नका. आमच्या शाळेत पालकसभेला आयाच दिसतात. त्या शनिवारी मात्र कितीतरी बाप पहिल्यांदा वर्गात आले, मुलाचा बाक कुठला ते त्यांना तेव्हा कळलं. चिंचवडच्या दादांचं वाचून वाईट वाटलं; तो ग्रुप आजच्या आज बदलायला हवा. पण बापांना शाळेत आणायचं निमित्तही हवं.

धागा काढणारी
पटलं. बापांना जरूर बोलवा. फक्त ज्याला बाप नाही त्या मुलाला त्या दिवशी कुणाचा हात धरून येता येईल, हे चिठ्ठीतच लिहा. "बाबा किंवा तुझ्या घरचं कुणीही" एवढे शब्द चिठ्ठीत सहज मावतात.

हडपसर, शिक्षिका
आम्ही तेच केलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा मुलांचे आई-वडील किंवा पालक यांच्या आहेत. समितीवर आई-वडिलांऐवजी पालक चालतो, मग कार्यक्रमाला का नाही, असं मी बैठकीत विचारलं. आता 'घरच्यांचा दिवस' असतो, शनिवारी, तोही दोन वेळांत. चिठ्ठीवर एकच प्रश्न : तू कुणाला आणणार? उत्तर मूल स्वतः लिहितं. यंदा एकाने मामाला आणलं, एकीने दहावीतल्या ताईला. एका मुलाने "कुणी नाही" लिहिलं; त्याच्या शेजारी आमच्या शिपाईमावशी बसल्या, त्यालाच विचारून. वारजेच्या ताई, वेळ बदलायला शाळेला लेखी अर्ज द्या. मसुदा हवा असेल तर मी लिहून देते.