आज रात्री गोळाभात करायचा आहे, गोळे मऊ कसे राहतील?

प्रतापनगरकर | दुपारी ३.१०

नमस्कार. आज रात्रीच्या जेवणाला गोळाभात करायचे ठरवले आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठच दिवस झाले असून डॉक्टरांनी तिला धूर आणि वाफेपासून जपायला सांगितले आहे, त्यामुळे सध्या स्वयंपाक माझ्याकडे आहे. वरण, भात, पोळ्या आणि साध्या भाज्या मला नीट जमतात. मागच्या रविवारी मात्र तिच्या आवडीचा म्हणून गोळाभात केला आणि तो पार फसला.

मी वाटीभर बेसनात तिखट, मीठ, हळद आणि हिंग घालून ते पाण्याने कणकेसारखे मळले, त्याचे पाच गोळे वळले आणि भाताला उकळी आल्यावर त्या पाण्यातच सोडले. दोन गोळे विरघळून भात पिवळा आणि चिकट झाला, तर उरलेले तीन इतके घट्ट झाले की आईला ते बोटांनी फोडता येईनात. ती काही बोलली नाही. नुसता भात ताकात कालवून जेवली. ते मला फार लागले.

चूक नेमकी कुठे झाली, हे कृपया सांगावे. आपल्याकडे आज रात्री काय शिजते आहे, तेही लिहिल्यास उद्याच्या जेवणाचा प्रश्न सुटेल.

महालची सून | दुपारी ३.५५

दादा, तुमची पहिली चूक बेसनाची आहे. गोळ्याला चणा डाळीचा भरडा लागतो, आणि तोही रव्यापेक्षा थोडा जाडच हवा. बेसन बारीक असल्यामुळे पाणी लागताच ते चिकट होते आणि शिजल्यावर आतून घट्ट बसते. भरड्याच्या कण्यांमध्ये मात्र वाफ शिरायला जागा राहते, म्हणून गोळा फुलतो. इतवारीच्या किराणा ओळीत तयार भरडा मिळतो, पण आज तेवढ्यासाठी जायचे नसेल तर कोरडी चणा डाळ मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा.

वाटीभर भरड्याला तीन पोह्यांचे चमचे फल्लीचे (शेंगदाण्याचे) तेल कडकडीत तापवून मोहन म्हणून घाला. हात आखडता घेऊ नका, कारण गोळ्याचा मऊपणा बराचसा या मोहनावर अवलंबून असतो. मग तिखट, मीठ, हळद, हिंग, थोडा ओवा, मूठभर चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि दोन चमचे आंबट दही घालून, पाण्याचा नुसता हबका मारून ते अर्धा तास झाकून ठेवा. नंतर थोडे मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडा. त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि मुटका न फुटता तसाच राहिला, तर भिजवण बरोबर झाली असे समजावे.

दुसरी चूक उकळत्या पाण्याची. भाताचे पाणी आटून वर भोके दिसू लागली की मगच लहान लिंबाएवढे गोळे भातावर अलगद मांडायचे, गंजावर घट्ट झाकण ठेवायचे, खाली तवा सरकवायचा आणि मंद आचेवर वीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. गोळा भाताच्या वाफेवर शिजतो, पाण्यात नाही.

आमच्याकडे आज चून (बेसनाचे पिठले) आणि ज्वारीची भाकर आहे, सोबत जवसाची चटणी.

धानपट्टा | दुपारी ४.३०

गोळ्याबद्दल वरच्या ताईंनी सगळे सांगितलेच आहे, म्हणून मी तांदळाविषयी लिहितो. माझे गाव भंडारा जिल्ह्यात असल्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. गोळाभाताचा भात मोकळा हवा. चिन्नोर वासाला अप्रतिम असला तरी शिजल्यावर मऊ होतो. तो वरण-भातासाठी राखावा आणि आज जुना एचएमटी वापरावा. हा तांदूळ आपल्याच विदर्भाचा आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपल्या, त्यांचे बियाणे वर्षानुवर्षे निवडत हे वाण तयार केले, आणि त्याला नाव मिळाले ते घड्याळावरून. ताट पुढे आले की मला त्यांची आठवण होते.

आमच्या घरी आज मुगवड्यांची रस्साभाजी आणि भात आहे.

गोपालनगर | सायंकाळी ५.०५

माझे मत थोडे वेगळे आहे. वयस्कर माणसांसाठी कोरड्या भरड्यापेक्षा चार तास भिजवलेली, निथळून पाण्याशिवाय जाडसर वाटलेली डाळ अधिक चांगली, कारण ती आतपर्यंत भिजलेली असल्यामुळे गोळा हमखास मऊ होतो आणि मोहनही कमी लागते. आता मात्र तेवढा वेळ उरलेला नाही, म्हणून आज भरडाच करावा आणि पुढच्या वेळी डाळ भिजवून पाहावी.

उद्यासाठी सोले-वांगे, म्हणजे तुरीचे हिरवे दाणे घातलेली वांग्याची भाजी, सुचवते. आज माझ्याकडे तेच आहे. आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरी वांगे आणत नाहीत. नेमकी चंपाषष्ठी झाली की बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगाही भरपूर येतात, त्यामुळे वर्षातली ही भाजी मी फार मनापासून करते. सोले, हिरवी मिरची, लसूण आणि सांबार ओबडधोबड वाटून घ्यावे आणि कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटेपर्यंत तेलात परतावे. मगच वांग्याच्या फोडी आणि आधण घालावे. इथे घाई केली तर भाजीला उग्र वास येतो.

फोडणीचे तेल | सायंकाळी ६.२०

एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. गोळाभातावर तेल ताटातच घ्यायचे असते. गोळा भातात कुस्करला की मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्यांची ताजी फोडणी त्यावर चुरचुरली पाहिजे. आपल्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची मिळाल्यास उत्तमच. जोडीला कढी किंवा चिंचेचे सार करावे. आईंना कोरडा घास जात नसेल तर कढी बरी.

प्रतापनगरकर | रात्री ९.३५

सर्वांचे मनापासून आभार. डाळ घरीच भरडली. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने परातीत हात घालून एक मूठ दाबली, बोटांनी चाचपली आणि "अजून चमचाभर तेल घाल" एवढेच म्हणाली. तेल घातल्यावर दुसऱ्या मुठीवर ठसे नीट उमटले. तांदूळ एचएमटीचाच होता. वीस मिनिटांनी झाकण काढले तेव्हा सातही गोळे अख्खे होते आणि वरून किंचित तडकले होते. आईच्या मते ते तसेच तडकायला हवेत.

तिने गोळा अंगठ्याने दाबला आणि तो लगेच फुटला. वर फोडणी ओतली, तिने कढी घेतली आणि दुसरा गोळा स्वतः मागितला. उरलेले दोन तिने सकाळी कांद्यासोबत परतायला झाकून ठेवायला लावले आहेत.

गोपालनगरच्या ताई, उद्या सोले आणणार आहे. तिघांच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा साधारण किती घ्याव्यात, तेवढे कृपया कळवावे.