मदत हवी आहे: पोलोला ट्रॅक डेसाठी १५ इंची रिम की १६?

गाडी पोलो जीटी टीएसआय, १८५/६० आर१५ टायर, सस्पेन्शन कंपनीचंच. कोइमतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर दोन ट्रॅक डे (आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) केले. चौथ्या लॅपपासून पुढचं तोंड वळेचना, आणि पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा असा खाल्लाय की हात फिरवला तर करवतीसारखा लागतो.

टायरचं थंड प्रेशर ३३ पीएसआयवरून २८ वर आणलं, गरम झाल्यावर ३४ येतं. थोडा फरक पडला, पण खांदा झिजतोच. अलाइनमेंट केलंय, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) कंपनीच्या सस्पेन्शनवर फारसा बदलता येत नाही. ब्रेक पॅड आणि फ्लुइड आधीच बदललेत, त्यामुळे आता पैसे टायरवरच घालायचेत.

पुण्याहून गाडी चालवतच जातो आणि पावसाळ्यात हेच टायर रोज वापरणार, म्हणून सेमी-स्लिक (फार कमी खाचांचे ट्रॅक टायर) नको. रिम-टायर मिळून बजेट ८० हजार. पीसीडी (बोल्टची संख्या x त्यांच्या वर्तुळाचा व्यास मिमीत) ५x१००.

मन १५x७ (इंचांत व्यास x रुंदी) रिमवर १९५/५५ टायरकडे झुकतंय. रिम हलकी, टायर स्वस्त. दुसरा पर्याय १६x७ वर १९५/५०, साइडवॉल कमी दुमडेल. पोलो ट्रॅकवर नेणाऱ्यांनी यातलं काय घेतलं, आणि कोणत्या ऑफसेटला (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) आतून सस्पेन्शनच्या स्ट्रटला किंवा बाहेरून फेंडरला घासलं नाही?